मुख्याध्यापकपदाचा चार्ज घेताना आणि घेतल्यावर

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकपद बहुतेकांकडे असेच येते. जुने गुरुजी निवृत्त होतात किंवा बदलून जातात आणि केंद्रप्रमुखांचा फोन येतो, "सोमवारपासून चार्ज तुमच्याकडे. आदेश पाठवतो." शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 150 पेक्षा जास्त मुले असतील तरच मुख्याध्यापकाचे वेगळे पद असते. त्याहून लहान शाळेत सेवाज्येष्ठ शिक्षकाने आपला वर्ग सांभाळून हे काम पाहायचे. मी मराठवाड्यातल्या दोनशिक्षकी शाळेचा चार्ज घेतला तेव्हा माझ्याकडे पहिली-दुसरीचा जोडवर्ग होता. चार्ज घेतल्यावरही तो माझ्याकडेच राहिला. मुले 46, शिक्षक आम्ही दोघे, आणि गावाच्या तोंडी मी रातोरात 'मोठ्या बाई' झाले. हा लेख अशाच नवख्या मुख्याध्यापकांसाठी आहे.

चार्ज यादीवर सही करण्याआधी

सही करायची घाई करू नका. जाणाऱ्या माणसाला नव्या गावी रुजू व्हायचे असते, निरोपाचा नारळ-शाल झालेली असते, आणि आपल्यालाही संकोच वाटतो. तरीही एक अख्खा दिवस मागून घ्या. जडवस्तू नोंदवही, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची वही, हातात धरून खोलीखोलीतून फिरा आणि टीव्ही, प्रिंटर, वजनकाटा, कुकर, गॅसच्या टाक्या, बाके एकेक करून मोजा. वहीत आहे पण शाळेत नाही अशी वस्तू निघाली तर तिच्यापुढे त्याच दिवशी 'आढळली नाही' असा शेरा लिहा आणि दोघांनी सह्या करा. यात कोणाचा अपमान नाही. पाच वर्षांनी लेखापरीक्षणात ती वस्तू तुमच्याकडेच मागितली जाणार आहे.

तांदळाचे पोते 50 किलोचे असे पोत्यावर छापलेले असते. ते काट्यावर ठेवा आणि जे वजन भरेल तेच लिहा. रोजकीर्दीतली, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाच्या वहीतली, शिल्लक पासबुकाशी ताडून पाहा. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक अशा दोघांच्या सह्या चालतात. त्यामुळे सही बदलण्याचा ठराव पहिल्याच बैठकीत घ्या आणि तो घेऊन स्वतः बँकेत जा.

आता बहुतेकजण विसरतात ती गोष्ट. यू-डायस (शाळांच्या माहितीची देशपातळीवरची नोंद), सरल (राज्याची विद्यार्थी नोंद), शालार्थ (शिक्षकांचे पगार), आहाराचे ॲप, अनुदानाचे पोर्टल या प्रत्येकाचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर विचारून घ्या आणि तो नंबर चार्जच्या दिवशीच बदलून घ्या. मी हे केले नव्हते. सप्टेंबरअखेरीस यू-डायसची माहिती भरायला बसले, तर प्रत्येक ओटीपी दुसऱ्या जिल्ह्यात बदलून गेलेल्या गुरुजींच्या फोनवर जात होता. ते तासावर असले की फोन बंद आणि शेतात असले की रेंज नाही. माझे तीन दिवस त्यात गेले.

सकाळचा पहिला अर्धा तास

मुलांच्या आधी अर्धा तास शाळेत पोचा आणि खुर्चीत बसण्यापूर्वी एक फेरी मारा. पाण्याच्या टाकीचे झाकण उघडून आत पाहा. स्वच्छतागृहात पाणी आहे का आणि मुलींच्या बाजूची आतली कडी लागते का, हे स्वतः लावून बघा. ती कडी तुटली की काही मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि हे त्या कोणाला सांगतही नाहीत. पावसाळ्यात विजेच्या बोर्डाशेजारच्या भिंतीला ओल आली आहे का ते पाहा. फरश्यांच्या ढिगाखाली आणि सरपणाच्या आडोशाला काठी आपटा, कारण साप-विंचू सकाळी तिथेच असतात.

मग परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बातम्या हे सगळे मुलांकडे सोपवा. मी माइक चौथीच्या मुलींकडे देते आणि ओळींच्या मागून चालते. कोणाच्या बोटांच्या बेचक्यात खरूज दिसते, कोण उभ्या उभ्या पेंगते, कोणाच्या पायात आज चप्पल नाही, कालपर्यंत बडबडणारे कोण आज मान खाली घालून उभे आहे, हे पंधरा मिनिटांत दिसते. घंटा झाली की त्या दोन-तीन मुलांना हळूच बाजूला घेऊन विचारा. सगळ्यांसमोर विचारू नका.

हजेरी पहिल्या तासातच झाली पाहिजे. हजेरीपत्रकातला आकडा, आहाराच्या वहीतला आकडा आणि ॲपवर पाठवलेला आकडा हे तिन्ही एकच असले पाहिजेत. ओट्यावर बसलेली धाकटी भावंडे आणि रेंगाळत आलेली मुले धरून गोल आकडा टाकायचा मोह होतो. तो मोह पहिल्या दिवसापासून टाळा.

जनरल रजिस्टर

शाळेतले बाकीचे सगळे दप्तर एका बाजूला आणि जनरल रजिस्टर, म्हणजे प्रत्येक मुलाच्या प्रवेशाची कायमची नोंदवही, एका बाजूला, असे मी मानते. म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

एका ऑक्टोबरात पुण्याहून एक तरुण आला. आजोबा याच शाळेत शिकले होते एवढेच त्याला माहीत होते. जात पडताळणीसाठी जुनी नोंद हवी होती. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा विचारला जातो, आणि खेड्यात तो बहुतेकदा फक्त शाळेच्या रजिस्टरात मिळतो. आम्ही कपाटातले सर्वांत जुने रजिस्टर काढले. पानांच्या कडा बोट लावताच गळत होत्या. दोन तास पाने उलटल्यावर बोरूच्या वळणदार अक्षरात आजोबांचे नाव सापडले. पुढे जात, जन्मतारीख, 'शेतात कामास गेला' असे शाळा सोडल्याचे कारण आणि गुरुजींची सही. त्या गुरुजींनी ती ओळ नीट लिहिली नसती तर या मुलाचा प्रवेश अडला असता. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावच्या शाळांत हेच झाले. काही ठिकाणी नोंदी मोडी लिपीत सापडल्या आणि मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली.

तुम्ही आज पहिलीत जे नाव लिहिता ते असेच कोणाला तरी पन्नास वर्षांनी लागणार आहे. म्हणून प्रवेशाच्या दिवशी गर्दीत रजिस्टर लिहू नका. अर्ज आणि जन्मदाखला घेऊन ठेवा आणि शाळा सुटल्यावर शांत बसून लिहा. नाव जन्मदाखल्यावर असेल तसेच, अक्षराअक्षराने. घरी 'गुड्डी' म्हणतात म्हणून 'गुड्डी' लिहायचे नाही. 1 मे 2014 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम शासनाने ठरवला आहे, तो पाळा. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहा. लिहून झाल्यावर ती ओळ आई-वडिलांना वाचून दाखवा. मी आईला वाचून दाखवते, कारण चूक बहुतेकदा तिच्याच लक्षात येते.

आपल्या आई-वडिलांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला असतो. शाळा जूनमध्ये भरायची, तारीख कोणाला ठाऊक नसायची, गुरुजी अंदाजाने 1 जून टाकायचे. आज तशी वेळ येऊ नये, तरी भटक्या कुटुंबातले किंवा वीटभट्टीवर जन्मलेले मूल कधी कागदाशिवाय येते. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे कायदाच सांगतो. दवाखान्याची किंवा अंगणवाडीची नोंद चालते, तीही नसेल तर पालकांचे लेखी निवेदन चालते. मूल त्याच दिवशी वर्गात बसवा आणि जन्मदाखल्यासाठी ग्रामपंचायतीकडे स्वतः पाठपुरावा करा.

एकदा केलेल्या नोंदीत खाडाखोड करायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही. नाव किंवा तारीख बदलायची असेल तर सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश हवा, आणि त्या आदेशाचा क्रमांक व दिनांक शेरा रकान्यात आला पाहिजे. यासाठी आग्रह होईल, आपल्याच भावकीतला माणूस येऊन बसेल, चहा मागवेल. नम्रपणे नाही म्हणा. रजिस्टर शाळेबाहेर जाऊ देऊ नका, तुम्ही सही-शिक्क्याचा उतारा द्या. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते आणि शाईसकट कागद ओढते. पानांचे स्वच्छ फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा.

आणि शाळा सोडल्याचा दाखला मागितला की लगेच द्यायचा. दाखला अडवून मूल थांबवता येत नाही, आणि तो देण्यात दिरंगाई करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

दुपारचे जेवण

पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल असे प्रमाण आहे. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. सहावी ते आठवीला धान्य 150 ग्रॅम. माझ्या 46 मुलांपैकी सगळी आली तर तांदूळ 4 किलो 600 ग्रॅम, डाळ 920 ग्रॅम, भाजी 2 किलो 300 ग्रॅम. हा हिशेब मी पुठ्ठ्यावर लिहून स्वयंपाकखोलीत टांगला आहे. 30 मुले, 35 मुले, 40 मुले असे तयार आकडे, म्हणजे स्वयंपाकाच्या ताईंना रोज विचारत बसावे लागत नाही. तांदूळ वाटीने न मोजता काट्यावर मोजायचा.

16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून 23 मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले होते. आपल्याकडे कपाशीवर, सोयाबीनवर फवारणी करणारी घरे शाळेला लागून असतात. फवारणीचा पंप, औषधाचा रिकामा डबा किंवा खताची गोणी स्वयंपाकखोलीच्या आसपास कोणालाही ठेवू देऊ नका, सरपंचांनी सांगितले तरी. तेल ज्या पिशवीत किंवा डब्यात आले त्यातूनच वापरा. रिकामे डबे धुऊन पुन्हा वापरायचे नाहीत.

मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि चव नोंदवहीत लिहायचे. ही नोंद आधीच भरून ठेवलेली मी पाहिली आहे. कृपा करून तसे करू नका. खरोखर एक वाटी घ्या, बसून खा आणि थोडा वेळ जाऊ द्या. खिचडीचा वास तेलकट-कडसर आला, मटकी दाताखाली कचकचली, तर वाढणे थांबवा. एका दुपारी मी वाढप थांबवले तेव्हा मुले ताटल्या घेऊन रांगेत उभी होती आणि फार वाईट वाटले. कडधान्याला वास येत होता. दुकानातून चिवडा-केळी आणून त्या दिवशी भागवले, अहवाल लिहिला, माल परत पाठवला. आहार शिजवणाऱ्या ताईंचे मानधन तुटपुंजे असते आणि तेही वेळेवर येत नाही. त्यांची देयके तुमच्या टेबलावर एक दिवसही पडून राहू नयेत.

दसऱ्याच्या आधी वाडीवर जा

ऊसतोडीच्या पट्ट्यात शाळा असेल तर वर्षातले सर्वांत मोठे काम हेच. दसरा-दिवाळीच्या सुमाराला कुटुंबे कारखान्यांच्या फडावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. मूल मध्येच सहा महिने नाहीसे होते. सप्टेंबरमध्येच संध्याकाळी वाड्या-तांड्यांवर जा. कोणी कोणत्या मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतली आहे हे गावाला माहीत असते, त्यावरून जाणाऱ्या घरांची यादी करा. आजी-आजोबा किंवा काका-काकू मागे राहणार असतील तर मूल त्यांच्याकडे ठेवण्याविषयी बोला आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवा. आईचे मन वळवताना 'शिक्षणाचे महत्त्व' सांगू नका, ते तिला कळते. तिला विचारायचे असते की तिच्या लेकीजवळ रात्री कोण झोपणार, ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार. त्याचे उत्तर तुमच्याकडे तयार असू द्या.

जी मुले जातीलच त्यांच्यासोबत शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत त्यांना बसता येते. पुस्तकेही द्या. परत आली की त्याच दिवशी वर्गात घ्या आणि मागे राहिलेले भरून काढायला त्यांच्यासाठी रोज थोडा वेगळा वेळ ठेवा.

वर्ग पाहणे

वर्गनिरीक्षण म्हणजे टाचणवहीवर (पाठाच्या आखणीच्या वहीवर) सही, असा समज मोडायला हवा. आठवड्यातून दोनदा सहकाऱ्याच्या वर्गात मागे बसा. दोनशिक्षकी शाळेत त्या वेळी तुमचा वर्ग एकटा पडतो, म्हणून मुलांना चित्र किंवा गटवाचन देऊन जा आणि मधले दार उघडे ठेवा. निपुण भारत या केंद्राच्या अभियानाची उद्दिष्टे तिसरीपर्यंत प्रत्येक मूल अर्थ समजून वाचेल आणि साधी गणिते करील, अशी आहेत. त्याची सर्वांत खात्रीची चाचणी म्हणजे महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला शेजारी बसवून न पाहिलेला एक उतारा वाचायला लावणे. 46 मुलांना तीन-चार दिवस लागतात. सराव झालेला धडा अनेक मुले पाठ म्हणून दाखवतात. त्याने फसू नका. नोंद वहीत नावापुढे फक्त 'अक्षर', 'शब्द', 'वाक्य', 'उतारा' असे लिहा, पुरते.

सहकाऱ्याला सांगायचे ते वर्ग सुटल्यावर सांगा, मुलांसमोर कधीच नाही. रजा-हालचाल रजिस्टर स्वतःसाठीही तितक्याच काटेकोरपणे भरा. तुम्ही मीटिंगला गेलात तर वेळेसह लिहा. नंतर कुणी उशिरा आले तर बोलायला तोंड राहते.

'माहिती तातडीने सादर करा'

व्हॉट्सअॅपवर रोज कुठला तरी तक्ता किंवा लिंक येते. यावर मला एकच उपाय सापडला. एक दोनशेपानी वही करा. वर्गवार पट, मुले-मुली, प्रवर्ग, दिव्यांग, आधार, बँक खाते, जन्मतारखा, खोल्या, स्वच्छतागृहे, विजेचा ग्राहक क्रमांक, शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांक असे सगळे तिच्यात असू द्या आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी अद्ययावत करा. बहुतेक तक्ते त्या वहीतून दहा मिनिटांत भरतात. लिंक शाळा सुटल्यावर भरायच्या, वर्ग चालू असताना मोबाइल कपाटात.

30 सप्टेंबरचा पट, म्हणजे त्या दिवशीची मुलांची संख्या, मात्र जिवापाड सांभाळा. संचमान्यता, म्हणजे शाळेच्या शिक्षकपदांची मंजुरी, त्यावर होते आणि शिक्षकाचे पद राहणार की जाणार हे त्यावर ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, पण राज्याचे निकष अधूनमधून बदलतात, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय काढून स्वतः वाचा. मुलांचे आधार जुळत नसेल तर दुरुस्ती जुलैतच उरका. सप्टेंबरात सगळा तालुका त्याच केंद्रावर रांगेत असतो.

समिती आणि पैसा

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि 50 टक्के महिला असतात, तुम्ही पदसिद्ध सचिव. बैठक मजुरीला जाणाऱ्यांना जमेल अशा वेळी ठेवा, आमच्याकडे ती संध्याकाळी सातला होते. सह्या घरोघर फिरवू नका. महिला सदस्य बोलत नसतील तर स्वच्छतागृह आणि आहार हे विषय आधी घ्या, त्या बोलतात.

समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेच्या निकषात 30 मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला 10,000 आणि 31 ते 100 मुलांच्या शाळेला 25,000 रुपये संयुक्त अनुदान आहे, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. रक्कम लहान असते आणि उशिराही येते. आधी ठराव, मग खरेदी, मग पावती, आणि त्याच दिवशी रोजकीर्द. खिशातून घातलेले पैसेही कागदावर आणा.

जिथे तडजोड नाही

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंद आहे. छडी शाळेत दिसताच कामा नये. लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली तरी पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या, कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही तर 1 वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावातले वजनदार लोक 'बैठकीत मिटवू' म्हणतील. ते तुमच्या अधिकारात नाही आणि त्यांच्याही नाही. मुलाला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नका. एकदा शांतपणे ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि फोन करा. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहा. आमच्याकडे तो आधी माझ्या खुर्चीमागे, छताजवळ रंगवलेला होता. तक्रारपेटी दर आठवड्याला उघडा. पेटी कार्यालयाच्या दारात ठेवली तर कोणी चिठ्ठी टाकत नाही, म्हणून ती पाण्याच्या टाकीकडच्या वाटेवर लावा.

शाळा बंद करताना

शेवटचे मूल फाटकाबाहेर पडेपर्यंत थांबा. कोणाला न्यायला यायचे असेल आणि आले नसेल तर त्याच्यासोबत थांबा. मग गॅसचा रेग्युलेटर, पाण्याचा नळ, मेन स्विच आणि खिडक्या बघा. कार्यालयाच्या दाराची एक किल्ली शाळेशेजारी राहणाऱ्या समिती सदस्याकडे ठेवा आणि आतल्या कपाटाची तुमच्याकडे. जनरल रजिस्टरचे कपाट भिंतीपासून हातभर पुढे, विटांवर असू द्या आणि त्यावर प्लास्टिकची ताडपत्री घडी करून ठेवा. अवकाळीत रात्री पत्रे उडाले तर तुम्ही पोचेपर्यंत शेजारच्या माणसाला तेवढी तरी त्याच्यावर टाकता येईल.